अडकवलेलं कुलूप

गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून थोडं आत असलेल्या त्या घरी मी आठवड्यातून तीन दिवस जायचे. आमची संस्था मोठ्या वयाच्या दिव्यांगांना घरी जाऊन मदत करते. भरवणं, अंग पुसणं, हातापायांचे व्यायाम, आणि घरची माणसं कामावर गेली की सोबत. त्या घरातल्या ताई पस्तिशीच्या. जन्मापासून हातपाय आखडलेले, बोलणं नाही. डोळे वर केले की हो, खाली केले की नाही. एवढ्यावर त्यांचं भागायचं, कारण त्यांची आई प्रश्न बरोबर विचारायची.

मला प्रश्न विचारणंच जड जातं. शाळा इंग्रजी, गोंदियात घराबाहेर पडलं की हिंदी. मराठीत चार माणसांसमोर बोलायचं तर मी वाक्य आधी मनात जुळवते. ताईंची आई हसायची. "आमची पोरगी बोलत नाई, तुमी बोलत नाई. जमलं जी दोघींचं!"

खरंच जमलं होतं. ठसक्याच्या भीतीनं ताई आईशिवाय कोणाच्या हातचं पाणी घेत नसत. दोन महिन्यांनी माझ्या हातचं घ्यायला लागल्या.

मग रोवणी, म्हणजे भाताची लावणी आली. तिकडे बाया आळीपाळीनं एकमेकींच्या बांधीत, धानाच्या शेतात, जातात. जी जात नाही, तिच्या बांधीत कोणी येत नाही. घरात या माय-लेकी दोघीच. आई म्हणाली, "मी सकाळीच जाईन. तुमी अकराले या. तवरीक रायते ते एकटी."

मी अकराला पोचले. दाराला कुलूप होतं. अख्ख्या गल्लीत एक माणूस नव्हता. मी आईला फोन लावला, तर रिंग घराच्या आतूनच ऐकू आली. चिखलात भिजेल म्हणून ती फोन ठेवून गेली होती.

रिंग थांबली आणि आत काहीतरी घासल्यासारखं वाजलं. थांबलं, पुन्हा वाजलं. मग घशातला तो आवाज आला. तो कोणाचा हे मला कळलं होतं. चार महिने मी तो जवळून ऐकत होते.

मी हाक मारली नाही. बांधी दिसत होती, पलीकडे वाकलेल्या बाया दिसत होत्या. तिथं जाऊन वीस जणींसमोर आईला किल्ली विचारायची होती. त्या थट्टा करतील, मला शब्द सुचणार नाहीत, असं वाटलं. कुलूपच आहे, आपण काय करणार, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला सुटल्यासारखं झालं. हजेरीसाठी कुलुपाचा फोटो काढला, खाली ‘घर बंद’ लिहिलं आणि परतीची बस धरली.

संध्याकाळी आईचा फोन आला.

"मॅडम, आल्याच नाई का जी?"

"आले होते. कुलूप होतं."

"लावलेलं थोडीच रायते! नुसतं अडकवलेलं रायते ते. ओढलं का निघते. गावातलं लेकरू बी जाणते." मग आवाज उतरला. "पोरगी दाराजवळ पडून होती. कोपर सोलून गेलं. दिवसभर पाण्याचा थेंब नाई."

दोन दिवसांनी मी गेले. आईनं माझ्यासमोर चहा ठेवला. रागावली असती तर बरं झालं असतं. "माझीच चुकी," ती म्हणाली. "शयरातल्या माणसाले सांगाले पायजे होतं. आन् कुलूप दिसल्यावर पोरगी आतच हाये, हे तुमाले कसं मालूम होईल? तिले तं हाक बी मारता येत नाई."

ताई अंथरुणावरून माझ्याकडे बघत होत्या. मी चहा प्याले.

नंतर मी ग्लास त्यांच्या ओठांना लावला. ओठ मिटलेलेच राहिले. पाणी हनुवटीवरून गळ्यात गेलं. आईनं ग्लास घेतला, तेव्हा त्या घटाघटा प्याल्या.

"काऊन वो बाई?" आई घाबरली. पुढच्या हप्त्यात त्यांच्याच बांधीत रोवणी होती. मी आले नाही तर पोरीजवळ कोण, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "दुसऱ्या मॅडमले बोलावू का?"

डोळे लगेच वर गेले.

"यायनं मारलं का तुले?"

खाली.

"रागावल्या?"

खाली.

"कुलूप नाई काढलं म्हणून? अवं, त्यायले मालूम नोतं!"

ताईंनी डोळे वरही केले नाहीत, खालीही नाही. तसेच माझ्यावर ठेवले. आई आमच्या दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिली. पुढं काय विचारावं हे तिला समजेना. ते मला माहीत होतं. वाक्यही मनात जुळलेलं होतं: मी ऐकलं होतं का, ते विचारा.

"मी ऑफिसात सांगते, दुसरं कोणी पाठवायला," मी म्हणाले, आणि बाहेर येऊन चपला घातल्या.