आठाची गाठ

वालूरच्या जुन्या बारवेत दर रविवारी आम्ही साफसफाईला जमतो आणि दर रविवारी हा माणूस माझं डोकं फिरवतो. दगडी भिंतीत उगवलेले पिंपळ काढायला तोच दोराला लटकून खाली उतरतो. कमरेच्या पट्ट्यातून दोर ओवून आठाच्या आकड्यासारखी गाठ मारतो, ती दाबून पाहतो आणि तरी मला हाक मारतो, "सर, गाठ बघा." ज्याचे हात इतकी वर्षं हेच करतात, त्याची गाठ मी मराठीच्या मास्तरानं काय बघायची?

गेल्या रविवारी मी फोनवर होतो. मान वर न करता म्हणालो, "बघितली."

तो काठावरच बसला. त्यानं दोन बोटांनी दोर ओढला, तसा तो पट्ट्यातून सुटून मांडीवर पडला. गाठ मुद्दाम अर्धीच मारली होती.

"मग बघायलाव काय तुमी, सर?"

मास्तराची परीक्षा घ्यायची ही रीत झाली? तीही चारचौघांत?

आज त्यानं गाठ बघायला चहावाल्या मावशींना बोलावलं. किटली खाली ठेवून त्यांनी गाठ बोटांनी चाचपून पाहिली. मी हातभर अंतरावरच उभा होतो. फोन घरी ठेवून आलो होतो.