एका खोडाची जास्वंद

हरिचंद्रचं वाटोळं मी केलं. दिनानाथ साहेबांनी केलं असं कॉलनीत सगळे सांगतात, आणि त्या माणसाला शिव्या घालायला मलाही आवडतं. पण फांदी ओढली ती मी.

हरिचंद्र पालेगावचा. शेत गेलं, तिथं बिल्डिंगी उठायला लागल्या, म्हणून अंबरनाथला आमच्या फॅक्टरीच्या ऑफिसर कॉलनीत रोजंदारीवर माळी झाला. सहा वर्षं रोजंदारीच. पक्की नोकरी एवढंच त्याला हवं होतं. दुसरं काही मागताना मी त्याला कधी ऐकलं नाही.

दिनानाथ साहेब आमच्या शेजारच्या बंगल्यात. फॅक्टरीचे मॅनेजर, आणि तोरा असा की फॅक्टरी यांच्या तीर्थरूपांचीच. पंच्याऐंशी साली कुठल्याशा विलायती मासिकात त्यांनी फुशियाचं झाड पाहिलं: खाली एकच सरळ खोड, वर फुलांची छत्री. लगेच उटीहून रोपं मागवली. आपल्या उन्हात ती दोन महिन्यांत वाळून गेली. मग हुकूम सुटला, "तसंच झाड जास्वंदीचं कर. फ्लॉवर शोमध्ये पहिलं आलं तर तुला परमनंट करतो."

झालं! हरिचंद्र त्या कुंडीला चिकटला. एकच कोंब ठेवला, बांबूला सैल बांधला. बाजूला फुटवा दिसला की नखानं खुडायचा, पण खोडावरची पानं तोडायची नाहीत; पानांशिवाय खोड जाड होत नाही म्हणे. छातीएवढं वाढल्यावर शेंडा मारला. वर फांद्या फुटल्या, त्यांचेही शेंडे मारले, मग पुन्हा. तीन वर्षं कळी दिसली रे दिसली की काढून टाकायचा. मी चिडवायचे, "अरे, फुलझाड वाढवतोस की संन्यासी?" तो नुसता हसायचा.

चौथ्या वर्षी त्यानं कळ्या ठेवल्या. काय बहरलं ते झाड! शोच्या आदल्या दिवशी साहेब आले. "हा बांबू काय घाणेरडा दिसतो! काढ तो." हरिचंद्रनं हात जोडले. डोकं जड आहे, खोड जेमतेम अंगठ्याएवढं, अजून एक पावसाळा आधार हवा, म्हणाला. साहेब ओरडले, "माळी तू की मी?" काढला बिचाऱ्यानं.

दुसऱ्या दिवशी माघी गणपती. पहाटे दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं काढणं आमच्या कॉलनीत कुणी चोरी धरत नाही, देवासाठी सगळं माफ. मीही साहेबांच्या अंगणात गेले. सगळ्यात लाल फूल पार वर होतं. इतर जास्वंदी ओढल्या की लवतात. ही काडकन मोडली, अख्ख्या डोक्यासकट. मी पळाले. फूल घेऊन पळाले, हो!

आठ वाजता आरडाओरडा ऐकून सगळी कॉलनी जमली. साहेबांनी हरिचंद्रची गचांडी धरली होती. मला विचारलं, "उमावहिनी, तुम्ही इथं कुणाला पाहिलंत?" खरं सांगायला मी तोंड उघडलंही. पण ऑफिसरच्या बायकोनं झाड मोडलं, हे सगळ्यांसमोर कसं सांगायचं?

"हरिचंद्रच दिसला सकाळी," मी म्हणाले. तो रोजच यायचा सकाळी. त्याच दुपारी त्याला गेटबाहेर काढलं.

शहाण्णव साली शिवमंदिराच्या रस्त्यावर तो भेटला. कंबरेत वाकलेला. आता काय करतोस म्हटलं, तर आपल्याच शेतावर उठलेल्या बिल्डिंगच्या भिंतींना पाणी मारतो म्हणाला. आता सांगूनच टाकू, असं मी ठरवलं.

तेवढ्यात तोच म्हणाला, "वयनी, साहेबांचा काय चुकला नाय. बांबू कारताना माज्याच हातून खोड चिरला असंल. सात वर्सं ह्योच इचार करतो."

आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. नाही रे, असं मी म्हणावं म्हणून थांबला होता तो.

"असेल हो," मी म्हणाले, आणि रिक्षाला हात केला.