चांगलं उकळून

"बाई, ही ट्यूब बघा. तक्त्यात बसतच नाही," काळे सर म्हणाले.

मी चष्मा वर सरकवून पाहिलं. नायट्रेटची टेस्ट अगदी सोपी असते. पाण्याच्या नमुन्यात पुडीतली पावडर टाकायची, हलवायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी गुलाबी होतं. नायट्रेट जितकं जास्त तितका रंग गडद. सोबत रंगांचा छापील तक्ता असतो, त्याच्याशी ट्यूब ताडून आकडा वाचायचा. ही ट्यूब तक्त्यातल्या शेवटच्या रंगाच्या पुढं गेली होती. बिटाच्या रसासारखी दिसत होती.

चकलांब्याच्या पुढच्या एका गावात, शाळेच्या व्हरांड्यात आमचं पाणी तपासणी शिबिर चालू होतं. आमचं म्हणजे आमच्या रसायनशास्त्र मंडळाचं. नाव भारदस्त, डोकी अकरा. काही आजी-माजी शिक्षक, दोन मेडिकल दुकानवाले आणि साखर कारखान्याच्या लॅबमधून रिटायर झालेले काळे सर. ते अध्यक्ष, मी सचिव. मी ज्युनिअर कॉलेजात तीस वर्षं केमिस्ट्री शिकवली. रिटायर झाल्यावर घरात बसून नवऱ्याच्या चुका काढण्यापेक्षा हे बरं, म्हणून रविवारी गावोगाव पाणी तपासत फिरायला लागले. लोक बाटलीत पाणी आणतात, आम्ही तिथल्या तिथं तपासून सांगतो.

बाटलीवर चिठ्ठी होती: 'नसरीन, वस्तीवरचा हापसा'. शेजारी तिचीच दुसरी बाटली होती. त्यावर लिहिलं होतं: 'नसरीन, पिण्याचं'. मी दुसरीही लावली. ती पहिलीपेक्षा गडद आली. मग दोन्ही पाणी दहापट पातळ करून पुन्हा टेस्ट घेतली. पहिलं पाणी मर्यादेच्या तिप्पट निघालं. दुसरं, म्हणजे पिण्याचं, सहापट.

"उलटं कसं काय?" काळे सर म्हणाले. "पिण्याचं जास्त खराब?"

"नसरीन कोण आहे?" मी हाक मारली.

खांबाजवळ उभी असलेली चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी पुढं आली. तिचा नवरा शकील गावात पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायचं काम करतो, हे मला नंतर कळलं. तिनं ओढणी सारखी केली आणि परीक्षेच्या निकालाला उभी राहावी तशी टेबलासमोर उभी राहिली.

"ही दुसरी बाटली कुठल्या पाण्याची?"

"हापशाच्याच पाण्याची हाय बाई. उकळलेलं हाय."

"किती उकळलंस?"

"चांगलं उकळलं की. अर्धं होईस्तोवर. काढ्यावानी."

"अर्धं? अर्धं करायला कुणी सांगितलं?"

तिनं माझ्याकडं नवलानं पाहिलं. "तुमीच की बाई. मागल्या पावसाळ्यात आलतात तवा. चांगलं उकळून प्या म्हणलतात."

म्हणाले होते. मला शब्द न् शब्द आठवत होता. त्या पावसाळ्यात या भागात जुलाब-उलट्यांची साथ होती. आम्ही याच व्हरांड्यात आलो होतो. पाण्यात जंतू आहेत का हे बघायच्या छोट्या बाटल्या असतात. पाणी भरून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी काळं पडलं की समजायचं, पाणी घाण आहे. गावातल्या बहुतेक बाटल्या काळ्या पडल्या. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन मी भाषण केलं. माझा आवाज मोठा, मला माईक लागत नाही. "पाणी चांगलं उकळून प्या!" असं मी तीनदा म्हणाले आणि बायकांकडूनही तीनदा म्हणून घेतलं. "समजलं का?" असं विचारलं. सगळ्या एका सुरात "हो" म्हणाल्या. आमच्या पत्रकावरही तेच वाक्य ठळक अक्षरात होतं. नायट्रेटच्या पुड्यांची मुदत त्या वेळी संपलेली होती, म्हणून ती टेस्ट 'पुढच्या वेळी' असं ठरलं. साथ जंतूंची होती, नायट्रेट कुठं पळून जातंय, असं मीच म्हणाले होते.

उकळल्यानं जंतू मरतात. पण पाण्यात विरघळलेली क्षारासारखी वस्तू वाफेबरोबर जात नाही. पाणी आटतं, ती मागं उरते. एक लिटरचं अर्धा लिटर झालं की तीच वस्तू अर्ध्या पाण्यात, म्हणजे दुप्पट. नायट्रेटचंही असंच. हे मी तीस वर्षं फळ्यावर लिहिलं. ज्याला येत नसे त्याला पालथा घडा म्हणायचे.

मोठ्या माणसाला अशा पाण्यानं लगेच काही होत नाही. पण सहा महिन्यांच्या आतलं बाळ, त्यातही वरच्या दुधावरचं, त्याचं वेगळं असतं. त्याच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्ताला पकडतं. मग रक्तात प्राणवायू वाहायची ताकद उरत नाही. बाळ निळसर पडायला लागतं.

मी शक्य तितक्या सहज विचारलं, "घरात लहान लेकरू आहे का गं?"

"होतं," ती म्हणाली. मग पोटावर हात ठेवून म्हणाली, "आता परत पाचवा म्हैना चालू हाय. म्हणून तर पाणी आणलं तपासायला. ह्या टायमाला काई चुकायला नको."

मी वहीत आकडे लिहिले. दोनदा खोडले. तिला एवढंच सांगितलं की या हापशाचं पाणी आजपासून तू पिऊ नकोस, शाळेमागच्या विहिरीचं चांगलं आलंय, ते आण. बाकीचं दोन दिवसांनी घरी येऊन सांगते. ती "बरं" म्हणाली आणि दोन्ही रिकाम्या बाटल्या घेऊन गेली.

परतताना गाडीत मी काळे सरांना सगळं सांगितलं. गेवराईचा फाटा आल्यावर ते म्हणाले, "बाई, लेकरू कशानं गेलं हे आपल्याला माहीत नाही. शंभर कारणं असतात."

"हो. पण एक कारण आपण पत्रकावर छापून वाटलंय."

"विहिरीचं पाणी सांगितलंत ना? झालं. पुढचं लेकरू वाचलं. मागचं कशाला उकरता? तिला काय मिळणार त्यातून?"

काळे सर वाईट माणूस नाहीत. त्यांचं म्हणणं मला पटलंही होतं, आणि म्हणूनच दोन रात्री झोप आली नाही. न सांगण्यात तिचं भलं किती आणि माझी सोय किती, याचा हिशोब लागेना. तिसऱ्या दिवशी मी एसटीनं एकटीच गेले.

वस्तीवर पाच-सहा घरं. हापसा घराच्या मागच्या अंगाला होता. त्याच्यापासून दहा पावलांवर म्हशींचा गोठा आणि उकिरडा, पलीकडं संडासाचे खड्डे. नायट्रेट कुठून आलं हे विचारायची गरजच नव्हती. पहिल्या शिबिराला मी शाळेतून चालत इथवर आले असते, तर पुडीशिवायही कळलं असतं.

नसरीननं चटई टाकली. तिची सासू भिंतीला टेकून लसूण सोलत बसली होती. मी आधी बाळाचं विचारलं.

मुलगी होती. आफिया नाव. बाळंतपणानंतर नसरीनला टायफॉइड झाला, दूध आटलं. डॉक्टरांनी डब्याची पावडर लिहून दिली. "पाणी उकळूनच घालायचे," नसरीन म्हणाली. तिसऱ्या महिन्यात पोरगी सुस्त झाली. ओठ जांभळे, नखं जांभळी. दवाखान्यात नेलं, नळी लावून ऑक्सिजन दिला, तरी रंग बदलेना. डॉक्टर म्हणाले, हृदयाला छिद्र असेल, मोठ्या शहरात न्या. नेताना वाटेतच गेली.

"नर्सनं टाचंतून रक्त काढलतं," नसरीन म्हणाली. "लाल नव्हतं बाई. गुळाच्या पाकावानी होतं. मी म्हणलं बी, असं कावून दिसतंय? कुणी बोललं न्हाई."

गुळाच्या पाकासारखं रक्त. पुस्तकात याला चॉकलेटी रक्त म्हणतात. नायट्राइटनं पकडलेलं रक्त तसंच दिसतं, ऑक्सिजन लावला तरी लाल होत नाही. यावर जे औषध देतात त्याचं नाव मिथिलिन ब्लू. औषधी दर्जाचं वेगळं असतं, पण नाव तेच. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा कांद्याचा पापुद्रा रंगवायला त्याची बाटली कपाटात पडून असते. त्या क्षणी मला ते कपाट आठवलं.

सासू लसणाच्या ताटातून मान वर न करता म्हणाली, "बाटली नीट धुतली नसंल. मी तवाच म्हणलं होतं हिला."

हे वाक्य नसरीननं पुष्कळदा ऐकलेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तेव्हा माझं ठरलं.

"बाटलीचा दोष नाही," मी म्हणाले. "पाण्याचा आहे. आणि माझा आहे."

मी सांगितलं. नायट्रेट म्हणजे काय, उकिरड्यातून ते कसं झिरपतं, पाणी आटलं की ते कसं दाटतं. सोप्या शब्दांत सांगितलं, मधेमधे थांबून. खात्रीनं सांगता येणार नाही, पण मला तसंच वाटतं, हेही सांगितलं. वर्गात मी कधी एवढं सावकाश शिकवलं नव्हतं.

नसरीन चटईची काडी उपसत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी कमी उकळलं असतं तर?"

या प्रश्नाची मला भीती होती. "माहीत नाही गं. पाणी मुळातच वाईट होतं. कदाचित तरीही झालं असतं."

"पण कमी वाईट होतं ना?"

"हो. निम्मं."

"मला अंगात ताकद नव्हती बाई. टायफॉइडनं पाय कापायचे. तरी चुलीम्होरं बसून आटवायचे. एकदा अर्धं व्हायच्या आधी उतरवलं तर अम्मी म्हणल्या, कच्चं राहिलं, अजून ठेव." ती सासूकडं बघत नव्हती, माझ्याकडंही नाही. "लोकं उकळत बी न्हाईत. त्यांची लेकरं खेळत्यात. मी तुमचं ऐकलं."

सासूचे हात थांबले होते. तिनं पदर तोंडाशी धरला आणि लसणाचं ताट बाजूला सारलं. "या अल्ला," एवढंच म्हणाली.

मी माफी मागितली. माफी मागायला शब्द फार नसतात, दोनच वाक्यं झाली. नसरीन उठली, आत गेली आणि दार लोटून घेतलं. आतून रडण्याचा आवाज आला नाही. आला असता तर मला बरं वाटलं असतं, एवढी मी स्वार्थी आहे. थोड्या वेळानं सासूनं मला चहा करून आणला. तिचे डोळे लाल झाले होते. "ती आज बोलायची न्हाई," ती म्हणाली. "तुमी निघा. सहाची गाडी चुकल." मी चहा संपवला, कारण नको म्हणायची हिंमत नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगते. ग्रामपंचायतीनं हापसा लाल रंगवला आणि त्यावर 'पिऊ नये' लिहिलं. आमच्या पत्रकातलं वाक्य आम्ही बदललं: 'उकळी फुटली की एक मिनिट थांबा आणि उतरवा. आटवू नका. बाळाच्या दुधासाठी आधी पाणी तपासून घ्या.' काळे सरांनी ते स्वतः प्रेसमध्ये बसून तपासलं. वस्तीवर काय घडलं ते मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं. काहींना ते बैठकीच्या वृत्तांतात नको होतं. मी सचिव आहे, मी लिहिलं.

नसरीनला मुलगा झाला. अंगावर पितो, चांगला गुटगुटीत आहे, असं शकील सांगतो. आमचं शिबिर त्या बाजूला असलं की तो मोटारसायकलवर पाण्याची बाटली घेऊन येतो आणि टेस्ट होईपर्यंत टेबलापासून हलत नाही. ट्यूबचा रंग तक्त्याशी स्वतः ताडून बघतो. नसरीन मात्र परत कधी आली नाही. मी एकदा विचारलं, तर तो खाली बघत म्हणाला, "ती म्हणती, पाणी तपासून आणा. बाईंचं सांगणं नको." मला राग आला नाही. तिच्या जागी मी असते तर बाटलीही पाठवली नसती.

आता लोकांना सांगायला जाणाऱ्या नव्या माणसांसाठी, अनुभवातून आलेली एक गोष्ट. भाषण संपल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. त्याला सगळे "हो" म्हणतात, मास्तरीण दिसली की म्हणतातच. एखादीला उभं करा आणि विचारा, "घरी गेल्यावर तू नेमकं काय करशील, सांग बरं." मग गप्प राहून ऐका. ती म्हणेल, बाई, अर्धं होईस्तोवर ठेवीन. तिथंच कळतं. याला फार तर एक मिनिट लागतं. त्या पावसाळ्यात भाषण संपल्यावर आम्ही पाऊण तास चहा पीत बसलो होतो.