खालून तिसरं बटण

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेला बसथांबा हलवला, म्हणून आमचे हे लोकसभेला उभे राहिले.

मधल्या पायऱ्या त्यांनी गाळल्या नव्हत्या. आधी नगरसेवकाकडे गेले, मग बसच्या ऑफिसात, मग पुन्हा नगरसेवकाकडे. झालं होतं असं, की येरवड्यात आमच्या मागच्या रस्त्याला काचेची एक मोठी कॉम्प्युटरची कंपनी आली आणि आमचा थांबा उचलून तिच्या फाटकासमोर नेऊन ठेवला. तिथली मुलं कंपनीच्या गाडीतून येतात-जातात. थांब्यावर कुत्री झोपतात. आणि आम्ही बायका मंडईच्या पिशव्या घेऊन इतकं लांब चालतो, की घरी पोचेपर्यंत कोथिंबीर मान टाकते.

दुसऱ्या खेपेला नगरसेवक यांना म्हणाले, "काका, तुम्ही नेहमी एकटेच येता. तुमच्या मागं माणसं किती आहेत ते तरी कळू द्या."

हे घरी आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "कळवतोच आता."

यांना वेळ भरपूर होता. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन दोन वर्षं झाली होती. (स्वेच्छेतली इच्छा कारखान्याची होती.) अपक्ष उभं राहायचं तर अर्जावर दहा मतदारांच्या सह्या लागतात. त्या गल्लीतच मिळाल्या. दहावी माझी. नऊ जणांना मिळून जेवढा वेळ लागला तेवढा मला एकटीला लागला, कारण माझं शिक्षण चौथी.

मग चिन्ह मिळालं. स्टूल.

शेजारचे सबनीसकाका, निवृत्त शिक्षक, गॅलरीतून म्हणाले, "उत्तम. दिल्लीत बसायला जागा नाही मिळाली, तर घरून नेता येईल."

दुसऱ्या दिवसापासून यांनी मित्राच्या स्कूटरला मागे खरंखुरं स्टूल बांधलं आणि प्रचाराला निघाले. जाताना मला म्हणाले, "शहर मी बघतो. गल्ली तू बघ. आपल्या मतदान केंद्रावर पन्नास मतं जरी पडली ना, तरी तो आकडा घेऊन नगरसेवकापुढे जातो. थांबा आलाच समज."

मी हो म्हणाले. मी कायम हो म्हणते. नाही म्हणायला चार शब्द जास्त बोलावे लागतात.

अडचण अशी की लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण यांचं नाव मी कधी तोंडानं घेतलेलं नाही. (या वहीतही लिहिलेलं नाही, शोधू नका.) उखाणा येतो तो एकच, लग्नातला. त्यात महादेवाची पिंड येते, ती लोकसभेत कुठे बसवायची?

पहिलं घर समोरच्या रेहानाभाभींचं. त्यांच्या घराण्याच्या तीन पिढ्या पुण्यात गेल्या, त्यामुळे त्यांचं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे.

"मत द्यायचं बरं का," मी म्हणाले.

"कोणाला?"

"यांना."

"यांना म्हणजे कोणाला?"

"म्हणजे आमच्या घरातल्यांना."

"अहो ताई, मला माहीत आहेत तुमच्या घरातले. पण सासूबाईंना काय सांगू? मशीनवर 'यांना' असं लिहिलंय का?"

"स्टूल आहे," मी म्हणाले.

आतून सासूबाईंनी विचारलं, "स्टूल म्हणजे ते उंच की बुटकं?"

प्रश्न बरोबर होता. आमच्या घरी कपाटावर उमेदवारांची यादी चिकटवलेली होती, एका लांबलचक कागदावर बावीस नावं. त्यात स्टूल होतं, टेबल होतं आणि खाटही होती. तिन्हींना चार पाय, आणि झेरॉक्समध्ये तिन्ही काळीकुट्ट. देव जाणे कोण कशावर बसलं होतं.

मी घरी येऊन त्या कागदापुढे उभी राहिले. आणि एकदम लक्षात आलं की आमचं नाव खालून तिसरं आहे. म्हणजे नाव घ्यायला नको, फर्निचर ओळखायला नको. फक्त "खालून तिसरं बटण". एवढं मला बोलता येत होतं.

त्या आठवड्यात मी गल्लीतलं एकही घर सोडलं नाही. दारात उभी राहायची, "खालून तिसरं" म्हणायची आणि कोणी चहा विचारायच्या आत पळ काढायची. लोकांना ते फार आवडलं. इतकं छोटं भाषण करणारं यापूर्वी कोणी आलंच नव्हतं. नळावर बायका एकमेकींना तीन बोटं दाखवायला लागल्या. सबनीसकाकासुद्धा म्हणाले, "वहिनी, मला पाठ झालं. आता चष्मा न नेता मत देतो."

मधे एका संध्याकाळी हे दमून आले आणि मशीनबद्दल बरंच काही समजावून सांगत होते. मी हो म्हणाले. मी तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजत होते.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच गेले. पुठ्ठ्याच्या आडोशाला वाकून खालून मोजलं. एक, दोन, तीन. चित्र बघितलं. चार पाय होते. बटण दाबलं, मशीन लांबलचक किंचाळलं आणि सवयीनं मी हात जोडले.

"बाई, देवळात नाही आलात," तिथले साहेब म्हणाले.

बाहेर रांगेतल्या बायकांनी लांबून तीन बोटं दाखवली. मी मान हलवली. घरी आले आणि शिरा केला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याला माणसांत वावरता येतं.

मतमोजणीला हे कागद-पेन्सिल घेऊन गेले. संध्याकाळी आले आणि तसेच दाराशी बसले. शहर कोणी जिंकलं ते शेजारच्या टीव्हीवर कळलंच होतं. त्याचं आम्हाला काही नव्हतं.

"आपल्या केंद्रावर किती?" मी विचारलं.

"एक."

"शंभरावर एक?"

"नुसतं एक. ते माझं आहे. मी स्वतः दिलं, त्यामुळे त्याची खात्री आहे."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू दिलंस ना?"

"दिलं की."

"मग दोन व्हायला हवीत."

गणित चौथीचंच होतं, पण मला सुटेना.

बातमी गल्लीत पसरली. एकेक जण येऊन शपथा घेऊन गेला. रेहानाभाभींनी घेतली, त्यांच्या सासूबाईंनी घेतली. सबनीसकाका म्हणाले, "मी आयुष्यात एकदाच कोणाचं ऐकून मत दिलं, आणि मशीननं ते गिळलं." यांनी कोणावरही विश्वास ठेवला नाही. अर्जावर दहा सह्या आणि मशीनमध्ये एक मत! यांनी कपाटावरची यादी सोलून काढली, घडी केली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. पुढचे दोन दिवस हे मागच्या बोळानं बाहेर पडत होते, गल्लीत कोणाची गाठ पडू नये म्हणून. थांब्याचं नाव काढेनात. ते बघून मला सारखा तो शिरा आठवायचा.

तिसऱ्या दिवशी दारात एक अनोळखी गृहस्थ आले. हातात पेढ्यांचा पुडा.

"मी ढमढेरे," ते म्हणाले. "टेबल."

"मी स्टूल," हे म्हणाले. "या, बसा."

ढमढेरे बसले. ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहणारे, आमच्यासारखेच अपक्ष. "अहो, काय सांगू," ते म्हणाले, "अख्ख्या शहरात मला कुठं दोन मतं, कुठं तीन. आणि तुमच्या या केंद्रावर ब्याण्णव. मी जन्मात कधी या गल्लीत आलेलो नाही. माझा एक तरी पाहुणा इथं आहे का, आठवून आठवून दमलो. म्हटलं, निदान आभार मानून यावं."

यांच्या कपाळाची शीर उठली. "आमच्या गल्लीत तुमचा प्रचार केला कोणी?"

"तेच शोधतोय. कोण तो कार्यकर्ता, मला एकदा भेटवा. त्याचे पाय धरायचेत."

रेहानाभाभी विरजण मागायला आल्या होत्या, त्या वाटी घेऊन तशाच उभ्या. म्हणाल्या, "प्रचाराला इथं दुसरं कोणी आलंच नाही. आम्ही सगळ्यांनी ताईंनी सांगितलं तेच दाबलं, खालून तिसरं."

"बरोबर," ढमढेरे म्हणाले. "पहिल्या मशीनवर खालून तिसरा मीच."

हे सावकाश माझ्याकडे वळले.

"मी तुला सांगितलं होतं. एका मशीनवर सोळाच नावं बसतात, म्हणून मशीनं दोन. आपण दुसऱ्यावर."

"सांगितलं होतंत."

"तू हो म्हणालीस."

"म्हणाले."

"मग ऐकलंस काय?"

"तीन शिट्ट्या," मी म्हणाले.

ढमढेरे उठले, पेढ्यांचा पुडा यांच्यापुढून उचलून माझ्यापुढे ठेवला आणि हात जोडले. "वहिनी, पुढच्या वेळी आमच्या भागातही या."

मी पदरात तोंड लपवायच्या तयारीत होते. पण हे उठले, पायात चपला घातल्या आणि पुढच्या दारानं गल्लीत गेले. खिडकीतून बघते तर एकेका दारात थांबून पेढे वाटत होते. (पुडा माझ्या पुढ्यातून कधी उचलला कळलं नाही.) सबनीसकाकांचा आवाज आला, "म्हणजे पराभवाचे पेढे, तेही दुसऱ्याच्या विजयाचे. तोही झालेला नाही. द्या एक."

दुसऱ्या दिवशी स्टूल आणि टेबल एकाच स्कूटरवरून नगरसेवकाकडे गेले. यांनी आकडा पुढे ठेवला आणि म्हणाले, "आमच्या गल्लीनं ज्यांना कधी पाहिलंही नाही, त्यांना ब्याण्णव मतं दिलीत. तुम्हाला तर पाहिलंय."

नगरसेवकांनी म्हणे पाणी मागवलं. गणपतीच्या आधी थांबा परत आला, वर नवा पत्रा घालून.

पहिल्या बसला सगळी गल्ली जमली. मी पिशवी घेऊन चढले, खिडकीजवळ बसले. हे मात्र खाली सबनीसकाकांना सगळी हकिगत तिसऱ्यांदा सांगत उभे. कंडक्टरनं घंटी दिली.

"अहो!" मी ओरडले. बसमधली चार माणसं आणि कंडक्टर माझ्याकडे बघायला लागले. हे सोडून.

बस हलली. मग मी खिडकीतून डोकं काढून यांचं नाव घेतलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट, यादीत छापलं होतं तसं.

हे वळले आणि जागच्या जागी खिळले. तोंड उघडं. बस गेली. मी मंडईत एकटीच जाऊन आले.

संध्याकाळी मी स्वयंपाकाला लागले, तर हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "हेच तेव्हा दारोदार घेतलं असतंस, तर ब्याण्णव माझी असती." पुढेही बराच वेळ काहीतरी सांगत होते, बहुतेक पुढच्या निवडणुकीबद्दल.

मी हो म्हणाले. तिसरी शिट्टी व्हायची होती.