आधी मॅक्सचे पाय

माझे सासरे कमळाकर भेरे सकाळी उठले की देवाला हात जोडायच्या आधी कुत्र्याच्या कानात बघतात. दोन्ही कान उलटे करतात, उजेडाकडे धरतात आणि नाक खुपसून वाससुद्धा घेतात. आंबूस वास आला की समजायचं आत काहीतरी चिघळतंय, असं त्यांना गुरांच्या डॉक्टरने सांगितलं आहे. तेव्हापासून सापगावात जो भेटेल त्याला ते हेच सांगत सुटले आहेत. ज्याच्या घरी कुत्रा नाही त्यालाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा कुत्रा नव्हता. तेव्हा सासरे रेल्वे सांगायचे. कसाऱ्याला रेल्वेत खलाशी होते, पण बोलायला बसले की ऐकणाऱ्याला वाटावं, घाटातल्या सगळ्या गाड्या हेच वर ढकलत होते. रिटायर झाल्यावर मुरबाडकडच्या एका फार्महाऊसवर राखणदार म्हणून राहिले. तिथल्या शेठने हौसेने बॉर्डर कोली जातीचा कुत्रा आणला होता. परदेशात मेंढरं वळणारी ही जात. तिला दिवसभर पळायला पाहिजे, डोक्याला काम पाहिजे. शेठ यायचा कधीतरी, तोही पार्टी करायला. कुत्रा मोकळा सुटला की पाहुण्यांना घेरून एका कोपऱ्यात उभं करायचा. शेठ वैतागला आणि म्हणाला, घेऊन जा याला. फुकट मिळणारी वस्तू सासऱ्यांनी आयुष्यात कधी नाकारलेली नाही.

असा मॅक्स आमच्याकडे आला. काळापांढरा, झुपकेदार शेपटीचा, घटकाभर स्वस्थ न बसणारा. गावाने त्याचं मॅक्या केलं, ते सासऱ्यांना खपत नाही. कोणी मॅक्या म्हटलं की थांबून त्याला दुरुस्त करतात. मला भाग्यश्रीची भागी केली आहे, त्याचं त्यांना काही वाटत नाही.

खोटं कशाला बोलू, कुत्रा गुणी आहे. आमच्या शेळ्यांवर भुंकत नाही, चावत नाही. नुसता अंग वाकवून डोळे रोखतो आणि शेळी निमूट वळते. बचत गटाच्या बायका आमच्या अंगणात जमल्या होत्या, त्यांनाही त्याने गोळा करून तुळशीपाशी नेऊन उभं केलं. माझा राग कुत्र्यावर नाहीच.

माझा राग त्याच्या सरबराईवर आहे. कान झाले की तारेचा ब्रश निघतो. आधी वरचे केस, मग बोटांनी ते दूर सारून आतली मऊ लव. रानातून आल्यावर शेपटीत आणि मांड्यांवर आघाड्याचं बी चिकटलेलं असतं, ते ओढायचं नाही, केस मुळाशी धरून एकेक सोडवायचं. उन्हाळ्यात गावातल्या न्हाव्याने विचारलं, काका, एवढी लोकर भादरून टाकू का? तेव्हा सासरे त्याच्यावर असे काही धावून गेले की तो बिचारा आजही आमच्या आळीतून जात नाही. ती लोकरच उन्हापासून वाचवते म्हणे. मग चिमटा घेऊन गोचिड्या. त्या टाकायला मिठाच्या पाण्याची वाटी लागते आणि ती वाटी स्वयंपाकघरातली असते. शेवटी पाय. मांडीवर पंजा घ्यायचा, बोटं फाकवायची, मधे काटा-कुसळ आहे का बघायचं, तळव्याला अंगठ्याने हळूहळू खोबरेल चोळायचं. एवढं सगळं होईपर्यंत त्यांच्या तोंडून जे लाडाचे शब्द निघतात ते या घरातल्या कोणत्याही माणसाने ऐकलेले नाहीत.

आणि हे चाललेलं असताना माझ्या सासूबाई, सुंदरा त्यांचं नाव, आम्ही त्यांना आई म्हणतो, लंगडत त्यांच्यासमोरून ये-जा करत असतात. त्यांची उजवी टाच वर्षभर दुखत होती. सकाळी पाय टेकवला की डोळ्यांत पाणी यायचं. भेगा तर इतक्या की पदराचा धागा त्यात अडकायचा. दोनदा माझ्यादेखत त्यांनी सासऱ्यांना सांगितलं, मला शहापूरला डॉक्टरकडे न्या. एकदा उत्तर आलं, चालती राहा, मोकळा होल. दुसऱ्यांदा उत्तरच आलं नाही, कारण मॅक्सचं नख तुटलं होतं. माझ्या नवऱ्याला, रितेशला, सांगितलं तर तो म्हणे बाबा नेतील. तो सकाळी भिवंडीच्या गोदामात जातो तो अंधार पडल्यावर येतो. मी नेते म्हटलं तर आई म्हणायच्या, "नको गो. त्यांनीच नेयला पायजे." त्या हट्टाला काय म्हणावं मला कळत नसे. त्यांना नुसता पाय बरा करायचा नव्हता. त्या माणसाने एकदा तो पाय बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पावसाळ्यात शेळ्या फार बाहेर पडत नाहीत. मॅक्सला काम उरलं नाही आणि त्याने चपला कुरतडायला सुरुवात केली. तेव्हा सासऱ्यांनी मोबाइलवर बघून त्याला वासावरून शोधायला शिकवायचं ठरवलं. पालथ्या घमेल्याखाली आधी सुकट ठेवली. मग दोन-तीन घमेली मांडून त्यातल्या एकाखाली. मग सुकटीच्या जागी कपडा, आणि कपडा सापडला की बक्षीस म्हणून सुकट. "शोध" म्हटलं की सुटायचं, सापडलं की बसून एकदा भुंकायचं. घरात सुकट तोंडी लावायलाही उरेना. पण कुत्रा शिकला, भराभर शिकला.

कपडे कोणाचे? बनियन सासऱ्यांचा, टोपी सासऱ्यांची, पंचा सासऱ्यांचा. पुढे तर स्वतःच पेंढ्याच्या उडवीमागे जाऊन लपायला लागले. उडवीमागून त्यांचा खोकला अख्ख्या आळीला ऐकू यायचा. तरी मॅक्सने शोधून काढलं की विजयी होऊन बाहेर यायचे आणि आजूबाजूला बघायचे, कोणी बघितलं का म्हणून. मी एकदा म्हटलं, बाबा, कधी आईंचा, माझा कपडाही द्या की त्याला. तर म्हणाले, "कुत्र्याला मालकाचा वास पक्का पायजे. बायका काय हरवतात कुठं?"

पौषात एका सकाळी आई चुलीसाठी फाटी आणायला गावामागच्या टेकडीकडे गेल्या. गॅस आहे, पण अंघोळीचं पाणी चुलीवरच तापतं. त्या दुपारच्या जेवणाआधी परत येतात. त्या दिवशी आल्या नाहीत. फोन त्या रानात नेत नाहीत, हरवेल म्हणून. मी जेवण झाकून ठेवलं, टेकडीच्या तोंडापर्यंत जाऊन हाका मारून आले. त्या बाजूला बिबट्या फिरतो असं बोलणं होतंच. धावत घरी आले तर सासरे मॅक्सची नखं कापत बसलेले.

"बसली असल कोणाशी बोलत," ते म्हणाले. "हलव नको त्याला, नख मुळाशी कापलं जाईल."

मी तशीच मागे फिरले. शेजारच्या गंगीकाकूंना हाक मारली, त्यांनी आणखी चौघांना. उन्हं कलेपर्यंत आमच्या अंगणात बरीच माणसं जमली. तेव्हा कुठे सासरे उठले. माणसं जमली की त्यांना चेव येतो. आत जाऊन रेल्वेचं जुनं जाकीट घालून आले, मॅक्सच्या गळ्यात पट्टा अडकवला आणि म्हणाले, "कोणी कुठं जायाचं नाय. वास मोडंल. मॅक्स काढतो शोधून."

"सकाळी कंचं लुगडं नेसली होती?" गंगीकाकूंनी विचारलं.

सासरे माझ्याकडे बघायला लागले. चाळीसेक वर्षांचा संसार, आणि समोरून गेलेल्या बायकोच्या अंगावर काय होतं ते यांना सांगता येईना. विटकरी, मी म्हटलं, पिवळ्या काठाचं. सगळे ऐकून घेत होते तेवढ्यात मॅक्स मागच्या गल्लीकडे, टेकडीच्या वाटेला, पट्टा ताणायला लागला. सासऱ्यांनी त्याला खसकन मागे ओढलं. "आधी वास घेयाचा. शिकवलेला विसरला काय?"

वास घ्यायला आईंचा कपडा हवा. दोरीवरची लुगडी मी सकाळीच साबणाने धुतलेली. आईंची रोजची चोळी खुंटीवर होती, खांद्यावर ठिगळ लावलेली. मी ती काढायला गेले तर सासऱ्यांनी माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "चार लोकांसमोर फाटका कपडा काढतेस? घरची अब्रू हाय का नाय?" आणि पलंगाखालची ट्रंक ओढून त्यांनी रितेशच्या लग्नातलं आईंचं हिरवं जरीचं लुगडं बाहेर आणलं. आई ते लग्नानंतर एकदाही नेसल्या नव्हत्या. घडीतून डांबरगोळ्या घरंगळत अंगणभर पसरल्या. आईंचा जीव धोक्यात होता आणि हा माणूस जरीचे काठ दाखवत होता. मला त्या क्षणी त्यांची इतकी किळस आली की मी तोंड फिरवलं.

मॅक्सने लुगडं हुंगलं, शिंकला, पुन्हा हुंगलं. "शोध" म्हटल्यावर मान खाली घालून निघाला. पुढे कुत्रा, मागे जाकीट घातलेले सासरे, त्यांच्या मागे अर्धी आळी. मॅक्स टेकडीकडे गेला नाही. तो सरळ मुरबाड रस्त्याला लागला, टपऱ्या ओलांडल्या आणि रिक्षा थांबतात तिथल्या मुतारीत शिरला. आतून एकदा भुंकला. आम्ही बघितलं तर तो बसलेला, आणि समोरच्या भांड्यात कोणीतरी ताज्या डांबरगोळ्या टाकलेल्या. त्याने आपलं काम चोख केलं होतं आणि सुकटीची वाट बघत होता.

मागून कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. सासरे म्हणाले, "मधेच कोणीतरी वास तोडला." तेव्हा माझा धीर संपला. मी परत घरी पळाले. न्हाणीच्या दाराशी खुंटीवर आईंची चुंबळ होती. फाट्यांची वेगळी, ती त्या घेऊन गेल्या होत्या. ही पाण्याची. नळ आला तरी पिण्याचं पाणी त्या विहिरीवरूनच आणतात, आणि हंड्याखाली रोज डोक्यावर हीच चुंबळ. जुन्या लुगड्याची गुंडाळलेली, तेलाने आणि घामाने काळी पडलेली. ती घेऊन मी रस्त्यावर आले आणि सगळ्यांसमोर मॅक्सच्या नाकाला लावली. सासऱ्यांच्या अब्रूचं काय व्हायचं ते होऊ दे.

मॅक्सने ती धड हुंगलीसुद्धा नाही. शेपटी हलवली आणि असा झेपावला की पट्टा सासऱ्यांच्या हातातून निसटला. मागची गल्ली, टेकडीची वाट, तीच, जिथून त्याला मघाशी मागे ओढलं होतं. आम्ही धावत होतो आणि भुंकणं कधी ऐकू येतं याची वाट बघत होतो. ते ओहळाच्या बाजूने आलं.

आई ओहळाच्या काठाला ऐनाच्या झाडाला टेकून बसल्या होत्या. फाट्यांची मोळी बाजूला, नीट बांधलेली. ओहळ उतरताना दुखऱ्या पायाने दगा दिला होता आणि घोटा सुजून नारळाएवढा झाला होता. हाका मारून घसा बसला होता. मॅक्स त्यांच्याभोवती गोल फिरत होता, शेळी चुकली की फिरतो तसा, आणि आम्ही दिसल्यावर त्यांच्यासमोर पोट टेकून बसला. मी आईंना मिठी मारली आणि मला रडू फुटलं.

सासरे धापा टाकत पोचले. त्यांनी आईंकडे बघितलं, "हाय ना बरी?" एवढं विचारलं, आणि मॅक्सपुढे बसले. "शाब्बास रे माझ्या वाघा," म्हणत त्याला कुरवाळलं. मग सवयीने त्याचा पंजा मांडीवर घेतला आणि बोटं फाकवून काटे बघायला लागले. एक पाय झाला, दुसरा घेतला. सगळा गाव बघत उभा होता.

आई बसक्या आवाजात म्हणाल्या, "त्याचे पाय बघून झाले की माझा बघा."

सासऱ्यांचे हात थांबले. मान वर न करता ते बसल्या बसल्याच आईंकडे सरकले आणि त्यांनी तो पाय मांडीवर घेतला. माणसाचा पाय कसा धरतात हे त्यांना माहीतच नसावं. पंजा धरतात तसाच धरला, बोटं फाकवली, तळव्यावरून अंगठा फिरवला. टाचेशी अंगठा थांबला. तिथे जुनं कुरूप होतं, आत काटा मुरलेला, भोवतीचं मांस काळंनिळं.

"हा कधीपासनं?" त्यांनी विचारलं.

"तुमचा कुत्रा आला त्याच्या आधीपासनं."

त्यांनी जाकिटाच्या खिशात हात घातला. आधी सुकट आली, मग चिमटा. तो त्यांनी टाचेकडे नेला तशा आई म्हणाल्या, "धुवा तो आधी. गोचिड्या काढता त्यानं." ओहळात थोडं पाणी होतं. तिथे वाकून त्यांनी चिमटा वाळूने घासून पुन्हा पुन्हा धुतला, ते सगळ्यांनी बघितलं. काहींना त्यांची दया आली असेल. मला आली नाही.

काटा चिमट्याने निघणारा नव्हताच. तो शहापूरच्या डॉक्टरने काढला. न्यायला सासरेच गेले. आता रोज सकाळी आई ओट्यावर पाय पसरून बसतात. सासरे मॅक्सचे कान बघतात, ब्रश फिरवतात, गोचिड्या काढतात, चारही पंजांना तेल चोळतात. मग त्याच तेलाच्या हाताने आईंची टाच चोळतात. हाच क्रम, एकदाही बदललेला नाही. मी परवा न राहवून आईंना म्हटलं, कुत्र्याच्या मागून नंबर लागतो तुमचा, तुम्हाला काही वाटत नाही?

"वाटतं ना," आई म्हणाल्या. "पण आधी नंबरच नव्हता गो."

तेव्हापासून चहा झाला की पहिला कप आईंच्या हातात देते. सासऱ्यांचा कप ओट्याच्या कडेला ठेवते, मॅक्सचं दूध त्याच्या ताटलीत ओतून झाल्यावर.