डबे परत पाठवायचे आहेत

बंगळूरमध्ये हेब्बाळच्या तळ्याकडून एक रस्ता अपार्टमेंटांच्या मागे वळतो. त्या रस्त्यावर आमचं पोस्ट आहे. एक खोली, दोन काउंटर, एक वजनकाटा आणि दाराबाहेर एक बाक. तिथली प्रमुख म्हणून माझी नेमणूक झाली तेव्हा माझी अर्धीअधिक नोकरी दुसऱ्यांच्या हाताखाली गेली होती. पहिल्याच दिवशी मी कामांची यादी केली. पंख्याचा आवाज, डिंकाची सुकलेली बाटली, बाकाचा डुगडुगणारा पाय. महिन्याभरात सगळ्यावर काट मारून झाली. माझं स्वतःचं असं हे पहिलं ऑफिस होतं, आणि माझं वय बघता बहुधा शेवटचंही.

मग पुनर्रचना आली. विभागीय कार्यालयात आम्हा सगळ्या प्रमुखांना बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. पत्रं-पार्सलं घरोघर पोचवण्याचं काम, म्हणजे बटवडा, लहान पोस्टांकडून काढून येलहंक्याच्या एका मोठ्या केंद्रात जाणार. तिथे गाड्या, यंत्रं, भरपूर जागा. हे मला पटलं. आमच्या खोलीत पार्सलांच्या पोत्यांमधून वाट काढत काउंटरपर्यंत जावं लागायचं. दुसरी गोष्ट अशी, की बटवडा गेल्यावर नुसत्या काउंटरच्या जोरावर ज्यांचा खर्च निघणार नाही, ती पोस्टं शेजारच्या मोठ्या पोस्टात विलीन होणार. निर्णय मार्चअखेर. समोरच्या पडद्यावर सगळ्या पोस्टांचा तक्ता होता. आमची ओळ लाल होती.

"साहेब, आमच्याकडे पोत्यांनी पार्सलं येतात," मी म्हणाले.

"येतात ना, मॅडम. येणारं धरत नाहीत. बुकिंग जिथे, उत्पन्न तिथलं."

नियम मला नवा नव्हता. पण आजवर तो मी दुसऱ्या कुणाच्या हाताखाली बसून ऐकला होता.

परत आले तर आमचा पोस्टमन अण्णा पार्सलं लावत होता. आमचं बोलणं कन्नडमध्ये चालतं. मी त्याला सगळं सांगितलं. तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"म्हणजे अक्का, इतकी वर्षं ही ओझी मी वाहिली ती कुणाच्या नावावर?"

"पुण्याच्या. मुंबईच्या. नागपूरच्या."

"सरी, बरंय. पाय माझे आणि नाव पुण्याचं!"

त्याला फारसं दुःख नव्हतं. त्याचं घरच येलहंक्याला, केंद्र त्याला चालत जाण्याच्या अंतरावर पडणार होतं. पोस्ट जाणार होतं ते माझं. आणि बाहेरच्या बाकावर दर महिन्याला पेन्शनसाठी येऊन बसणाऱ्यांचं. त्यांना त्या मोठ्या पोस्टापर्यंत दोन बस बदलाव्या लागल्या असत्या.

मी नवी यादी केली. जवळची दुकानं, दोन शाळा, एक औषधांचा घाऊक व्यापारी. सगळीकडे जाऊन आले. दुकानदार म्हणाले, कुरिअरचा माणूस दारात येतो. शाळा म्हणाल्या, आता सगळं मोबाइलवर जातं. व्यापाऱ्याने चहा पाजला आणि मुलाच्या लग्नाची पत्रिका दिली, तीही हातात. यादी काट मारून संपली आणि हाती काही लागलं नाही.

दिवाळी जवळ आली तशी फराळाची पार्सलं सुरू झाली. ती न उघडता ओळखू येतात. खोलीभर भाजणीचा आणि वेलचीचा वास सुटतो. त्या वर्षी एका पार्सलाच्या कोपऱ्यातून तेल पाझरून पत्त्यातला फ्लॅटचा नंबर पुसला होता. फोन नंबर तेवढा शाबूत होता. मी फोन केला, तशी ती मुलगी स्वतःच न्यायला आली. मुलगी म्हणजे पस्तिशीची, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र, मूळ पुण्याची. आधी हिंदीतून बोलली. मी पार्सल पुढे करून म्हटलं, "स्वल्प थांबा, इथे सही पाहिजे."

"अय्या, काकू, तुम्ही मराठी? कुठल्या?"

"इथलीच."

"नाही, म्हणजे मूळच्या?"

"मूळची इथलीच. आमचे लोक इथे आले तेव्हा तुमची आयटी यायची होती. आणि इथे काकू नाही, अक्का म्हणतात."

"सॉरी, अक्का. पण 'स्वल्प' काय क्यूट वाटतं हो!"

मी काही बोलणार इतक्यात तिचा फोन वाजला. दोन्ही हातांत पार्सल, म्हणून तिने तो स्पीकरवर टाकून काउंटरवर ठेवला. तिची आई होती, पुण्याहून. फराळ मिळाला का, हे एका वाक्यात विचारून झालं आणि गाडी मुद्द्यावर आली.

"आणि माझे डबे? तीन दिवाळ्यांचे डबे बंगळूरला राहायला गेलेत. निदान भाडं तरी पाठव त्यांचं!"

"आई, आले की आणते ना."

"गणपतीला आलीस, हात हलवत. विमानात वजन होतं म्हणे. रिकाम्या डब्याला कसलं गं वजन?"

"तूच सांगतेस, कुणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो. म्हणून तर अडलंय."

"मग भर की त्यात काहीतरी! तुमच्या बंगळुरात काही खायला मिळत नाही का?"

फोन बंद झाला. मुलगी हसत होती. मी वजनकाट्याकडे बघत होते.

"किती डबे आहेत तुमच्याकडे?" मी विचारलं.

"माझ्याकडे? एक कपाट आहे. आमच्या सोसायटीत जितक्या मराठी आहेत, सगळ्यांकडे हीच बोंब. का?"

मी तिला सरळ सांगितलं. लाल ओळ, मार्च, येणारं धरत नाहीत, सगळं. तिने ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत ऐकून घेतलं.

"म्हणजे डबे इथून गेले तर काउंट होतात?"

"इथून गेले तरच होतात."

तिने तिथेच उभ्या उभ्या त्यांच्या शहरभरच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर मेसेज टाकला: डबे परत पाठवायचे आहेत. रिकामे नाहीत. शनिवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पोस्ट येईल.

पोस्ट येईल, हे तिने मला न विचारता लिहिलं होतं. मी घाईघाईने वरिष्ठांची परवानगी काढली आणि यादी केली: काटा, बारकोड, टेप, पुठ्ठ्याची खोकी, जुनी वर्तमानपत्रं, अण्णा.

शनिवारी क्लबहाउसच्या टेबलावर स्टीलचे इतके डबे जमले, की भांड्यांचं दुकान वाटावं. आत तांदळाच्या कुरकुरीत पुऱ्या, म्हणजे निप्पट्टू, मैसूर पाक, कॉफीची पूड, सांबाराची पूड. एकीने चक्कुली भरली होती. तिचा नवरा सारखा म्हणत होता, "अगं, माझ्या आईला चकली पाठवतेस? आपलं काही खरं नाही." एकाने तेल तरंगणारं लोणचं आणलं होतं, ते मी परत केलं. तो वाद घालायला लागला तेव्हा अण्णाने तेल पाझरलेल्या पार्सलाची गोष्ट आपल्या हिंदीत सांगितली, थोडी वाढवून. शहराच्या पार दुसऱ्या बाजूच्या मारतहळ्ळीहून, ट्रॅफिकमधून वाट काढत, एक जोडपं सर्वांत शेवटी आलं. नवरा घाम पुसत म्हणाला, "एवढ्या वेळात पुण्याला जाऊन हातात दिला असता डबा."

"मग पुढच्या वेळी तुमच्याकडच्या पोस्टात द्या," मी म्हणाले. आणि लगेच, "पण या वेळचा इथेच द्या."

मला वाटलं, एकदा डबे गेले की संपलं. पण तिकडच्या आयाही त्याच नियमाच्या. गेलेला डबा संक्रांतीच्या सुमाराला तिळगुळाने भरून परत आला. मग इकडून एळ्ळु-बेल्ला गेलं, म्हणजे आमचं तीळ, गूळ, खोबरं आणि शेंगदाण्यांचं मिश्रण. ते बघायला आलेल्या शेजारच्या तेलुगू आणि बंगाली बायकांनीही आपापल्या घरी पार्सलं केली. दोघी-तिघींनी काउंटरवर मुलींच्या नावाने बचत खाती उघडली. दरम्यान बटवडा येलहंक्याला गेला. अण्णाही गेला. पोती हलली तिथे मी पॅकिंगचं टेबल टाकलं.

मार्च संपता संपता साहेब स्वतः आले. खोलीभर फिरले, टेबल पाहिलं, बाक हलवून पाहिला. मग लॅपटॉप माझ्याकडे वळवला. आमची ओळ हिरवी नव्हती. पिवळी होती.

"पिवळं म्हणजे काय, साहेब?"

"म्हणजे काउंटर राहील. पुढच्या मार्चला पुन्हा बघू. तोवर डबे चालू ठेवा."

डब्यांचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे; परवानगीच्या अर्जात मी नुसतं 'पार्सल बुकिंग' लिहिलं होतं. ते गेल्यावर मी बाहेर जाऊन बाकावरच्या मंडळींना सांगितलं. एक आजोबा म्हणाले, "म्हणजे वर्षभर मरायची परवानगी नाही." सगळे हसले. मी आत येऊन पाणी प्यायले.

पुढच्याच आठवड्यात दारात येलहंक्याची गाडी थांबली. अण्णा उतरला, नवा गणवेश, हातात कापडात शिवलेलं पार्सल.

"घ्या अक्का, तुमचंच आहे. येणारं आहे, धरत नाहीत!"

वर पत्ता वळणदार अक्षरात: हेब्बाळ पोस्टातल्या अक्का. पाठवणारी ती पुण्याची आई. आत स्टीलचा डबा, गूळपोळ्यांनी भरलेला. दोन पोळ्या अण्णाने तिथेच खाल्ल्या, बाकीच्या बाकावर वाटल्या.

डबा धुऊन काउंटरवर उपडा ठेवला आणि उद्याच्या कामांत सगळ्यात वर लिहिलं: चिरोटी आणणे. आमच्या गल्लीच्या टोकाला ताजी मिळते. बुकिंग अर्थात इथेच करायचं.