कंडक्टरांचं राहिलेलं प्रकरण

दीपप्रज्वलनाला कंडक्टरांना बोलवायची आमच्या जिल्ह्यात फॅशनच झाली होती. आयोजक त्यांचा हात धरून समईपर्यंत नेत, फोटोवाला ‘सर, इकडं बघा’ म्हणे आणि कंडक्टर आवाजाकडं तोंड फिरवून म्हणत, “बघितलं. पुढं?” खुर्चीवर परत आले की माझ्या कानाशी लागत. “सर, ज्याला उजेड दिसत न्हाय त्यालाच वात लावायला सांगत्यात. म्हंजे न्हाय पेटली तरी कुणाची बोंब न्हाय.”

एसटीत कंडक्टर होते म्हणून कंडक्टर. पुढं कथांची दोन पुस्तकं आली, मुखपृष्ठावर पूर्ण नाव छापलं गेलं, तरी धाराशिवात ते कंडक्टरच राहिले. घराणं तामलवाडीकडचं, मेंढरं राखणाऱ्यांचं. “आमच्या घरात पयला छापील कागद आला तो तिकिटाचा,” असं ते सांगत. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. रविवारी त्यांना वाचून दाखवायला जायचो, त्यातून ओळख घरोब्याची झाली.

डोळे काचबिंदूनं गेले. हा रोग कडांकडून खात आत येतो. समोरचं बराच काळ दिसत राहतं, त्यामुळं माणसाला स्वतःला फसवता येतं, आणि जमलं तर खात्यालाही. गाडीत कुणाच्या पिशवीला अडखळले की कंडक्टर म्हणत, “ही गाडी लई हालती.” पूर्ण अंधार झाल्यावर त्यांना स्टँडवर माईकपुढं बसवलं. गाड्या पुकारता पुकारता ते गोष्टी रचू लागले. एकदा एका वार्ताहरानं विचारलं, “आपली प्रेरणा काय?”

“काचबिंदू.”

“नाही, म्हणजे लेखनाची?”

“तीच. दिसत व्हतं तवर एक ओळ लिवली न्हाय.”

छापून आलं ते ‘दुर्दम्य आशावाद’ असं.

लिहून घ्यायच्या त्या वहिनी, कंडक्टरांच्या पत्नी. शिक्षण सातवीपर्यंत. दुपारची भांडी झाली की त्या कागद घेऊन बसत आणि कंडक्टर सांगू लागत. त्यांचा सगळा जीव पेनाच्या खरखरीत. खरखर थांबली की तेही थांबत.

“का गं?”

“‘अंधाराच्या गर्भातून’ म्हंजे कुठनं, अवो?”

“खोड ते.”

वहिनींचं थांबणं नेहमीच साहित्यिक कारणानं असे असं नाही. पहिल्या पुस्तकातले निम्मे बदमाश त्यांच्या माहेरच्या नात्यात निघाले आणि सज्जन होऊन छापले गेले. मी एकदा बोललेलं टिपून घेणारा फोन आणून दिला. आठवड्यात परत आला. “ह्ये कुठंच थांबत न्हाय, सर. म्या खोटं बोललो तरी मुकाट लिवतंय.”

त्यांच्या प्रत्येक सत्कारात निवेदक एक वाक्य हमखास म्हणे. ‘एका बेदरकार ट्रॅक्टरनं पोटची लेक हिरावली, तरीही ही लेखणी थांबली नाही.’ वैशू त्यांची एकुलती मुलगी, चौथीत होती. कंडक्टर अजून एसटीच्या गाडीवर होते तेव्हाच, एका संध्याकाळी ते तिला आजोळाहून मोटारसायकलवर आणत असताना, बाजूच्या रस्त्यानं उसाची ट्रॉली ओढत आलेल्या ट्रॅक्टरवर गाडी आदळली. पोर जागेवर गेली. जमलेल्या लोकांनी ट्रॅक्टरवाल्याला झोडपलं, गुन्हाही त्याच्यावरच नोंदला गेला. तो जवळच्याच बेंबळी गावचा. पुढं त्यानं गाव सोडलं. त्या वाक्याला कंडक्टर मान खाली घालत. सभागृहाला वाटे, दुःख.

तिसरं पुस्तक आत्मकथन होतं. सगळं झालं, वैशूचं प्रकरण तेवढं राहिलं. ट्रॅक्टरवाल्याची चूक नव्हती, हे त्यांना छापून सांगायचं होतं आणि वहिनी ते लिहायला तयार नव्हत्या. उघड भांडण होतं, माझ्यासमोर चाले.

“लोकांनी ठरीवलंय न्हवं? मग तुमाला कशाला उकरायचंय?”

“तो मानूस जिता हाय.”

“माझी पोर न्हाय!”

मी म्हटलं, मी लिहून घेतो. कंडक्टर हसले. “तुमी घ्याल. माझा मान राखून घ्याल. ते नगं.”

महिनाभर असं चाललं. मग एका दुपारी मी बाकीच्या प्रकरणांची तपासायची मुद्रितं घेऊन गेलो, तर वहिनी कागद घेऊन बसलेल्या. माझ्याकडं न बघता म्हणाल्या, “बसा, भाऊजी. ह्येंचं एकदा होऊन जाऊ द्या.”

कंडक्टर सांगू लागले. मजकूर सांगताना त्यांची भाषा पुस्तकी होई.

“ट्रॅक्टर त्याच्या बाजूनं नीट येत होता. मला बाजूचं दिसत नव्हतं. नोकरी जाईल म्हणून ही गोष्ट मी कुणालाही कळू दिली नव्हती. घरातही नाही.”

पेन थांबलं.

“काय झालं? जड झालं का?”

“जड न्हाय. खोटं हाय.”

“कंचं?”

“मला ठावं व्हतं,” वहिनी म्हणाल्या. “ताटातली वाटी जरा बाजूला सरकली की तुमी हात फिरवून हुडकत व्हता. दिवाळीपसनं बघत व्हते. तरी बी त्या दिशी म्याच म्हनलं, जावा, पोरीला घिऊन या.”

कंडक्टरांचं तोंड उघडं राहिलं. बाहेर कुणीतरी भंगारवाला ओरडत गेला.

“तसं लिवू का?” वहिनींनी विचारलं.

कंडक्टरांनी चाचपत हात पुढं केला आणि पंजा कागदावर दाबून धरला. “नगं.”

“आन् त्यो ट्रॅक्टरवाला?”

“नगं म्हनलं न्हवं!”

स्वतःला फासावर चढवायला ते वर्षानुवर्षं तयार होते. दोर दोघांना पुरतो हे कळलं तेव्हा त्यांनी हात आखडला. त्यात चांगुलपणा किती आणि अन्याय किती, हे मला अजून सांगता येत नाही. पुस्तक त्या प्रकरणाविना निघालं, गाजलंही. शाली आल्या, निवेदकाचं वाक्य आलं, मान खाली गेली. त्यानंतर त्यांनी काही सांगितलं नाही आणि वहिनी कागद घेऊन बसल्या नाहीत. पुढच्या उन्हाळ्यात कंडक्टर झोपेतच गेले.

शोकसभेला मागं फलक होता, ‘तिमिरातून तेजाकडे’. एका वक्त्यानं ट्रॅक्टरचं वाक्य म्हटलं आणि पदरची भर घातली, की अशा नराधमालाही त्यांनी उदार अंतःकरणानं क्षमा केली होती. पहिल्या रांगेतून वहिनी उठल्या. कार्यक्रमपत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, त्यामुळं अडवायचं कुणी हे कुणाला सुचेना. त्यांनी माईक धरला.

“ट्रॅक्टरवाल्याची चूक न्हवती. ह्येंना बाजूचं दिसत न्हवतं, आन् ते मला ठावं व्हतं. पोरीला आमी दोघांनी गाडीवर बसीवलं.”

एवढंच. अध्यक्षांनी घाईनं माईक घेतला. “वहिनी साहजिकच भावनाविवश झाल्या आहेत,” असं म्हणून त्यांनी सर्वांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. सगळे उभे राहिले. वहिनी खुर्चीत बसून होत्या.

सभा संपल्यावर मी त्यांना जिन्यावरून खाली आणलं. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या.

“भाऊजी, मागल्या खुर्च्यांपातूर ऐकू गेलं का?”

“गेलं, वहिनी.”

“ट्रॅक्टरवाल्याचा थोरला भाऊ मागं बसला व्हता,” त्या म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.